गळ टाकण्याआधी पाणी ओळखा

पावसाळा सरला, धरणांचे गढूळ पाणी निवळू लागले की परभणी जिल्ह्यातील तलावांच्या आणि नद्यांच्या काठावर गळ घेऊन बसणारे दिसू लागतात. येलदरीचा फुगवटा, सेलूजवळचे निम्न दुधना, जिंतूर तालुक्यातील करपरा, गंगाखेडकडचे मासोळी, पाथरी तालुक्यात गोदावरीवर बांधलेले ढालेगाव आणि मुदगलचे बंधारे ही त्यांची ठरलेली ठिकाणे. कोणी बांबूची काठी, दोरा आणि गांडुळांचा डबा घेऊन येतो, तर कोणी ऑनलाइन मागवलेला रॉड आणि रीळ. रविवारची सुटी, मोकळी हवा, मोबाइलपासून चार तास सुटका आणि नशीब असेल तर संध्याकाळी घरात रस्सा, असा हा छंद आहे.

छंद साधा वाटला तरी त्यात बरेच विज्ञान दडलेले आहे. गळाला लागलेला मासा तलावात आला कुठून, तो आमिष कसा ओळखतो, सोडून दिला तर जगतो का, खाल्ला तर काय काळजी घ्यायची, हे सारे प्रश्न त्यात येतात. सर्वांत महत्त्वाचा प्रश्न काठावर बसणाऱ्याच्या स्वतःच्या जिवाचा आहे.

तलावातला मासा येतो कुठून?

येलदरी धरण पूर्णा नदीवर आहे. १९६८ मध्ये पूर्ण झालेल्या या धरणाची साठवण क्षमता सुमारे ९३४ दशलक्ष घनमीटर आहे. एवढ्या पाण्यात मासे आपोआप वाढत असतील, अशी सर्वसाधारण समजूत असते. मरळ, वाम, शिंगटा अशा नदीतल्या मूळच्या माशांबाबत ती बऱ्याच अंशी खरीही आहे. मात्र बाजारात ज्यांना मागणी असते त्या कटला, रोहू आणि मृगळ यांची गोष्ट वेगळी आहे.

हे तिन्ही मासे साचलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत. पावसाळ्यात नदीला पूर यावा, पाणी उथळ काठांवर पसरावे, प्रवाह आणि तापमान जुळून यावे, तेव्हाच त्यांच्या शरीरातील संप्रेरके प्रजननाचा इशारा देतात. तळ्यात मादीच्या पोटात अंडी तयार होतात, पण बाहेर पडत नाहीत. त्यामुळे पूर्वी गंगेच्या खोऱ्यातील नद्यांमधून मत्स्यबीज गोळा करून ते रेल्वेने देशभर पाठवावे लागे. वाटेत बरेचसे मरत असे आणि त्यात नको त्या जातींची पिल्लेही मिसळलेली असत.

हा पेच १९५७ मध्ये सुटला. ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माशाच्या मेंदूखालील पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून तळ्यातल्या माशांना अंडी घालायला लावले. तो दिवस होता १० जुलै. हाच दिवस आज देशात राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन म्हणून पाळला जातो. आता ग्रंथीच्या अर्काऐवजी तयार संप्रेरकांची इंजेक्शने मिळतात. अंड्यांतून बाहेर येणारे डोळ्यांना जेमतेम दिसणारे ‘जिरे’ वाढवून आधी अर्धबोटुकली आणि मग बोटाएवढी बोटुकली तयार होते. ती तलावात सोडली जाते आणि वर्ष-दीड वर्षात किलोभराचा मासा होतो.

याचा अर्थ असा, की येलदरीत किंवा दुधनेत गळाला लागणारा कटला बहुतेक वेळा कोणीतरी विकत घेऊन सोडलेला असतो. महाराष्ट्रात धरणे आणि तलावांतील मासेमारीचे हक्क प्रामुख्याने मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिले जातात. संस्था ठेक्याची रक्कम भरते, बोटुकली आणते, राखण करते. भोई समाजासह अनेक मच्छीमार कुटुंबांचा वर्षाचा खर्च त्या माशांवर चालतो. त्यामुळे गळ टाकण्याआधी त्या तलावाचा ठेका कोणाकडे आहे हे विचारणे आणि परवानगी घेणे हा शिष्टाचारही आहे आणि नियमही. जिलेटिनचा स्फोट किंवा विष वापरून मासे मारणे तर भारतीय मत्स्यव्यवसाय कायदा, १८९७ पासूनच गुन्हा आहे. त्यात मोठ्या माशांबरोबर पिल्ले, किडे, शेवाळ असे पाण्यातले सगळेच जीवन संपते.

एकाच तलावाचे तीन मजले

कटला, रोहू आणि मृगळ एकाच पाण्यात सुखाने नांदतात, कारण त्यांनी तलावाचे मजले वाटून घेतले आहेत. कटल्याचे डोके मोठे आणि तोंड वरच्या बाजूला वळलेले असते. तो वरच्या थरातील सूक्ष्म प्राणी गाळून खातो. रोहू मधल्या थरात वनस्पतींचे तुकडे, शेवाळ टिपतो. मृगळाचे तोंड खाली झुकलेले असते, तो तळातला कुजलेला पाला आणि सेंद्रिय गाळ खातो. मासा पाहिला की त्याच्या तोंडाच्या ठेवणीवरून तो कुठे जेवतो हे ओळखता येते. कणकेचा किंवा पेंडीचा गोळा कोणत्या खोलीवर ठेवायचा, हे अनुभवी गळवाले यावरूनच ठरवतात.

या तिघांबरोबर परदेशी पाहुणेही आहेत. तिलापिया भारतात १९५२ मध्ये आला, चंदेरी मासा आणि गवत्या १९५९ मध्ये. त्यापैकी तिलापियाने अनेक तलावांत ठाण मांडले आहे. त्याची मादी अंडी आणि पिल्ले तोंडात सांभाळते. त्यामुळे फारशी पिल्ले मरत नाहीत, तलावात गर्दी होते आणि कोणाचीच वाढ नीट होत नाही. गळाला हाताएवढे तिलापिया सारखे लागत असतील तर ते घरी नेणे तलावाच्या हिताचेच आहे. आफ्रिकन मागूर हा त्याहून घातक पाहुणा. तो इतर मासे फस्त करतो. त्याच्या संवर्धनावर देशात बंदी आहे. तो सापडला तर पुन्हा पाण्यात सोडू नये.

मासा ऐकतो, चाखतो आणि घाबरतोही

मासे बहिरे असतात हा गैरसमज आहे. रोहू, कटला आणि शिंगटा यांच्या वर्गातील माशांत हवेच्या पिशवीपासून अंतर्कर्णापर्यंत जाणारी लहान हाडांची साखळी असते. पिशवी पाण्यातील कंपने पकडते आणि हाडे ती कानापर्यंत पोहोचवतात. शिवाय अंगाच्या दोन्ही बाजूंना असलेली पार्श्वरेषा पाण्याची बारीकशी हालचालही टिपते. काठावर आपटलेले पाऊल, दगडावर ठेवलेला डबा हे सारे पाण्याखाली कळते. जुने गळवाले ‘गप बसा’ म्हणतात ते उगाच नाही.

शिंगटा, मागूर यांच्या मिशा म्हणजे चव घेणारी बोटे. गढूळ पाण्यात दिसत नसले तरी या मिशांवरील आणि त्वचेवरील रुचिकलिका गांडुळातून झिरपणारी अमिनो आम्ले ओळखतात. हाताला साबण, डास पळवणारे मलम किंवा पेट्रोलचा वास असेल तर त्याच संवेदना माशाला आमिषापासून दूरही नेऊ शकतात.

गळ कधी टाकायचा याचे उत्तर तापमानात आणि प्राणवायूत आहे. मासा शीतरक्ताचा. परभणीत हिवाळ्यात पहाटेचा पारा कधी ५ अंशांच्या आसपास उतरतो, तेव्हा उथळ पाणी गार पडते आणि माशाची भूक मंदावते. अशा दिवसांत दुपारचे ऊन लागलेला काठ बरा. उन्हाळ्यात उलट. पाणी जितके गरम तितका त्यात विरघळलेला प्राणवायू कमी. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसातच्या आसपास. शेवाळ दिवसा प्राणवायू तयार करते, पण रात्री तेही श्वास घेते. म्हणून पहाटे पाण्यात प्राणवायू सर्वांत कमी असतो. एप्रिल-मेमध्ये आटलेल्या तलावात सूर्योदयाच्या वेळी मासे पृष्ठभागावर तोंड उघडून तडफडताना दिसले, तर ती गळ टाकण्याची वेळ नव्हे. ते गुदमरत आहेत आणि संस्थेला कळवण्याची ती वेळ आहे. मरळ, मागूर आणि शिंगी हे मासे मात्र हवेतूनही श्वास घेऊ शकतात, म्हणून आटत्या डबक्यातही ते शेवटपर्यंत टिकतात.

सोडला तर जगेल का?

लहान मासा सोडून देणारे अनेक जण आहेत. ही चांगली सवय आहे, पण मासा कसा सोडला यावर त्याचे जगणे अवलंबून असते. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दमवलेले ट्राउट मासे हवेत ठेवून नंतर पाण्यात सोडण्यात आले. हवेत न ठेवलेल्यांपैकी १२ टक्के मेले. ३० सेकंद हवेत ठेवलेल्यांपैकी ३८ टक्के आणि ६० सेकंद ठेवलेल्यांपैकी ७२ टक्के मासे मेले. ट्राउट थंड पाण्यातला मासा आहे, रोहूचे आकडे वेगळे असतील. तरीही मासा हातात धरून फोटोसाठी मिनिटभर थांबण्याची किंमत किती असू शकते, हे त्यातून कळते.

माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर हे त्याचे जंतूंपासूनचे कवच आहे. कोरड्या हाताने किंवा फडक्याने धरले की ते खरवडले जाते आणि तिथे बुरशी धरते. म्हणून हात ओले करावेत, मासा पाण्यातच ठेवून गळ काढावा. गळ खोल गिळला असेल तर ओढाताण न करता दोरा कापावा. माशाच्या तोंडाभोवती इजा ओळखणाऱ्या चेतापेशी असतात, हे २००३ मध्ये ब्रिटनमधील शास्त्रज्ञांनी ट्राउटवरच दाखवून दिले आहे. खायचा मासाही पिशवीत तासभर तडफडत ठेवण्यापेक्षा लगेच डोक्यावर फटका देऊन मारणे हे दयेचेही आहे आणि मांसही त्यामुळे चांगले राहते.

जून ते ऑगस्ट हा काळ मात्र हात आवरण्याचा. पहिल्या पुराबरोबर प्रवाहाविरुद्ध निघालेले ‘चढणीचे मासे’ पकडायला ओढ्या-नाल्यांवर गर्दी होते. पण त्या मादीच्या पोटात लाखावर अंडी असू शकतात. मरळीचे तर आणखी वेगळे. नर-मादी पिल्लांच्या थव्याची राखण करतात आणि जवळ आलेल्या कशावरही झडप घालतात. त्यामुळे ते गळाला सहज लागतात. राखणदार गेला की शेकडो पिल्ले इतर माशांच्या तोंडी जातात. समुद्रात पावसाळ्यात मासेमारी बंद असते. तलावाकाठच्या हौशी माणसानेही तेवढा संयम पाळला तर पुढच्या हंगामात त्याच्याच गळाला मासा लागेल.

खरा धोका पाण्यातच

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात सुमारे ३ लाख माणसे बुडून मरण पावली. भारतात राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या नोंदीत बुडून झालेले मृत्यू ३८ हजारांहून अधिक आहेत. मासे पकडायला गेलेली माणसेही त्यात असतात. बहुतेक ठिकाणी कारण एकच असते, पाण्याचा चुकलेला अंदाज.

धरणाचा तळ सपाट नसतो. कमरेएवढ्या पाण्यातून दोन पावले पुढे टाकली की जुन्या नदीचे पात्र किंवा मुरुमासाठी खणलेला खड्डा लागतो. काठावरचा काळ्या मातीचा गाळ पाय धरून ठेवतो, आणि माणूस जितका धडपडतो तितका रुततो. येलदरीतून वीजनिर्मितीसाठी पाणी सोडले की खाली पूर्णेचे पात्र पाहता पाहता भरते. गोदावरीत जायकवाडी आणि माजलगावहून विसर्ग सुरू झाला की बंधाऱ्यांचे दरवाजे उघडावे लागतात. इथे पाऊस नसतानाही नदी वाढू शकते, हे बंधाऱ्याखाली खडकावर बसणाऱ्याने विसरू नये. भोंगा वाजला की सामान सोडून वर यावे.

अडकलेला गळ सोडवायला पाण्यात उतरणे हे बुडण्याचे नेहमीचे कारण आहे. दहा रुपयांच्या गळासाठी जीव धोक्यात घालण्याइतके त्यात काही नाही. दोरा तोडावा. एकटे जाऊ नये, दारू पिऊन तर कधीच नाही. झाकण घट्ट लावलेला पाच लिटरचा रिकामा कॅन आणि त्याला बांधलेली लांब दोरी सोबत असली तर तीच जीवरक्षक होते.

कोणी बुडत असेल तर पोहता येत असूनही थेट उडी मारू नये. बुडणारा माणूस घाबरून वाचवणाऱ्याला मिठी मारतो आणि दोघेही जातात. काठी पुढे करावी, दोरी, कॅन, उपरणे, साडी जे हाती असेल ते फेकावे. बाहेर काढल्यावर त्याला उलटे लटकवणे, पोटावर दाबून पाणी काढणे हे प्रकार अजूनही सर्रास होतात. त्यात मोलाची मिनिटे वाया जातात आणि पोटातले अन्न श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. माणूस प्रतिसाद देत नसेल आणि नीट श्वास घेत नसेल तर डोके मागे झुकवून, नाक दाबून आधी तोंडाने दोन श्वास द्यावेत. मग छातीच्या मध्यभागी जोराने आणि भरभर ३० वेळा दाबावे, पुन्हा दोन श्वास द्यावेत, आणि १०८ ची रुग्णवाहिका येईपर्यंत हे चालू ठेवावे. बुडालेल्या माणसाचे हृदय प्राणवायू न मिळाल्याने थांबलेले असते, म्हणून श्वास देणे इथे विशेष महत्त्वाचे. माणूस शुद्धीवर आला तरी त्याला दवाखान्यात न्यावेच, कारण फुप्फुसातील त्रास काही तासांनी वाढू शकतो.

दुसरा धोका विजेचा. मराठवाड्यात एप्रिल ते जून आणि परतीच्या पावसात वीज पडून मृत्यू होतात. उघडा काठ, ओले अंग आणि हातात वीजवाहक कार्बनचा लांब रॉड ही सर्वांत वाईट जुळणी. ढग गडगडताना ऐकू आले की रॉड आडवा ठेवून पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जावे, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबावे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ अ‍ॅप जवळपास वीज पडण्याची सूचना देते. शेतीपंपांच्या तारा अनेक ठिकाणी थेट पाण्यापर्यंत आलेल्या असतात, त्यांच्याखाली रॉड फिरवू नये. तारेवर आकडा टाकून पाण्यात वीज सोडून मासे मारणे तर स्वतःच्याच मृत्यूला बोलावणे आहे.

शिंगटा आणि शिंगी यांच्या पाठीवरील आणि बाजूच्या परांतील काटे टोचले की ठणका लागतो. शिंगीच्या काट्यात विष असते. जखम धुऊन, सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास हात बुडवून ठेवल्यास वेदना उतरते. पाणी किती गरम आहे ते दुसऱ्या, बधिर नसलेल्या हाताने तपासावे. गळ बोटात रुतला किंवा काटा टोचला तर धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारावे. डोळ्याजवळ रुतलेला गळ स्वतः काढू नये. पाण्यात दिसणारा दिवड बिनविषारी असतो, पण भिंतीच्या दगडांत घोणस असू शकते. संध्याकाळी बॅटरी आणि पायात बूट हवेत. साप चावला तर तो कोणता याचा खल न करता थेट सरकारी रुग्णालय गाठावे.

ताटात येण्याआधी

रोहूच्या १०० ग्रॅम मांसात साधारण १६ ते १७ ग्रॅम प्रथिने असतात, चरबी कमी असते. ओमेगा-३ स्निग्धाम्ले बांगडा-तारलीइतकी नसली तरी असतात. काट्यांसह खाल्ले जाणारे बारके मासे चांगले कॅल्शियम देतात. तळण्यापेक्षा कालवण बरे.

मात्र एक गोष्ट कटाक्षाने टाळायला हवी, ती म्हणजे माशाचे पित्त. मधुमेह, दमा किंवा नजरेसाठी रोहू-कटल्याचे हिरवे पित्ताशय कच्चे गिळण्याचा घरगुती उपाय देशाच्या अनेक भागांत सांगितला जातो. या वर्गातील माशांच्या पित्तात असलेल्या विषारी द्रव्याने आधी उलट्या-जुलाब होतात आणि दोन-तीन दिवसांत मूत्रपिंडे बंद पडू शकतात. भारतातील रुग्णालयांनी असे रुग्ण नोंदवले आहेत, त्यांपैकी अनेकांना डायलिसिसवर ठेवावे लागले. शिजवल्यानेही हे विष पूर्ण जात नाही. मासा साफ करताना पित्ताशय न फोडता काढून टाकावे. कोणी गिळले असेल तर लघवी कमी होण्याची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

मेलेला, तरंगणारा मासा कधीच उचलू नये. पहिल्या पावसात शेतांतून वाहून आलेली कीटकनाशके किंवा अचानक घटलेला प्राणवायू हे त्याचे कारण असू शकते, आणि काठावर उभे राहून ते ओळखता येत नाही. पाण्यावर हिरव्या रंगासारखा तवंग असेल तर तो विषारी शेवाळाचा असू शकतो. तिथले पाणी पिऊ नये, मासेही नेऊ नयेत. अंगावर लाल व्रण असलेली मरळ हिवाळ्यात दिसते. तो बुरशीजन्य रोग आहे. असा मासा दुसऱ्या तलावात सोडू नये, खाऊही नये.

उन्हात दोन तास पिशवीत पडलेला मासा ताजा राहत नाही. घरून निघताना थर्मासच्या डब्यात बर्फ न्यावा, मासा काठावरच साफ करून त्यात ठेवावा. पोटातली घाण पाण्यात टाकू नये, पुरावी. तुटलेला नायलॉनचा दोराही गुंडाळून परत आणावा. तो वर्षानुवर्षे कुजत नाही आणि पाणकावळे, कासवे, काठावर चरणारी जनावरे त्यात अडकतात.

निघण्यापूर्वी पाच गोष्टी

ठेकेदार संस्थेची परवानगी आहे का? घरी ठिकाण आणि परतण्याची वेळ सांगितली आहे का? सोबत दुसरा माणूस, दोरी आणि रिकामा कॅन आहे का? धरणातून विसर्गाची किंवा विजेची सूचना नाही याची खात्री केली आहे का? बर्फ, पिण्याचे पाणी आणि प्रथमोपचाराची पेटी घेतली आहे का? पाचांपैकी एकाचेही उत्तर ‘नाही’ असेल तर त्या रविवारी गळ खुंटीलाच राहू द्यावा. मासा पुढच्या रविवारीही तिथेच असतो.